आधी जीनी टाक, बाकीचं नंतर

भो, कोड लिहायला कोणतं सॉफ्टवेअर टाकू म्हणून विचारलंस. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंस ते बरं केलंस. आता व्हीएस कोड, एक्लिप्स, कोड ब्लॉक्स असं सगळं एकदम उतरवू नकोस. व्हीएस कोड चांगलंच आहे, पण ते आतून ब्राउझरच्याच इंजिनावर चालतं. सोबत क्रोम उघडलं की एवढ्या रॅमवर मशीन रडतं. त्यात मे महिन्यातलं जळगाव, लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो.

कॉलेजात सी शिकवतायत ना? मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीनी हा हलका कोड एडिटर घे आणि सोबत बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज. कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारी जीसीसी, जी++ आणि मेक ही टूल्स त्यातच येतात. फाइल आधी 'डॉट सी' नावाने सेव्ह कर, मग एफ९ने बिल्ड, एफ५ने रन.

लॅबमध्ये टर्बो सी हे सीचे प्रोग्राम लिहायचं-चालवायचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर एक अडचण येणारच. ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातलं, पहिलं व्हर्जन १९८७ चं. कोनिओची हेडर फाइल, स्क्रीन पुसायचं फंक्शन हे सगळं तिथलं. लिनक्सवर जीसीसीला ते सापडत नाही. त्या ओळी काढ, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिही. प्रॅक्टिकलच्या वहीत मात्र सर सांगतील तसंच उतरव, मार्क त्यांच्या हातात आहेत.

पायथन लिहायला थॉनी हा एडिटर. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात ते नवशिक्यांसाठीच बनलं. प्रोग्राम एकेक पायरीने चालवला की व्हेरिएबलची किंमत शेजारी बदलताना दिसते. लूप डोक्यात बसायला याहून सोपं मला तरी सापडलेलं नाही.

विम आणि इमॅक्स या जुन्या एडिटरांत चांगलं कोणतं, या भांडणात सध्या पडूच नकोस. रॅम ८ जीबी केलीस की व्हीएस कोडचं बघू.