वडील कामात, घरात आणि खेळात सारखेच रमले, त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की वडील जाऊन वर्ष होत आलं, वर्षश्राद्धाला घरच्या घरी एक छोटी पुस्तिका काढायची आहे, नोकरी, घर आणि व्हॉलीबॉल या तिन्हीत ते जीव ओतून राहिले, पण लिहायला बसलं की "कष्टाळू, प्रेमळ, खिलाडूवृत्तीचे" याच्या पुढे काही सुचत नाही. माझं सरळ उत्तर असं की हे तीन शब्द आधी खोडा. खोटे आहेत म्हणून नाही, पण ते कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. त्याऐवजी ते दिवसभर नेमकं काय करायचे ते लिहा, कामावर हातात काय असायचं, मैदानात कुठल्या जागेवर उभे राहायचे, कशावरून चिडायचे. माझ्या वडिलांचं सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल, जरा लांबेल पण वाचा.

आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा उद्यमनगरात एका छोट्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर म्हणजे साचे करणारे होते आणि पेठेतल्या एका तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळायचे. तालमीचं नाव मुद्दाम देत नाही, कोल्हापूरचं कुणी वाचलं तर लगेच माणूस ओळखेल आणि आबांना ते आवडलं नसतं. तालीम आणि फुटबॉल यांचा काय संबंध असं बाहेरच्यांना वाटतं म्हणून सांगतो, शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान झालं, पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं आणि पुढे याच तालमींनी फुटबॉलच्या टीमा उभ्या केल्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही आज जी नावं शाहू स्टेडियमवर ऐकू येतात ती तालमींचीच. त्यामुळे तिथे मॅच म्हणजे नुसत्या अकरा पोरांची नसते, आख्खी पेठ उतरलेली असते.

आता काम. मोल्डर म्हणजे काय करतो हे मला लहानपणी कुणी विचारलं तर मी "लोखंड ओततात" एवढंच सांगायचो, खरं म्हणजे ओतणं हा त्यातला अगदी थोडा भाग. दिवसभर वाळूचं काम. वाळूत बेंटोनाइट म्हणजे चिकट माती आणि कोळशाची भुकटी घालून ती भिजवायची, लोखंडी बॉक्समध्ये पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, ठेवून भोवती वाळू ठासायची, मग पॅटर्न असा अलगद उचलायचा की कडा ढासळता कामा नयेत, वाफ बाहेर पडायला तारेनं भोकं पाडायची, वरचा बॉक्स खालच्यावर बसवायचा. वाळूत पाणी जास्त झालं तर वितळलेलं लोखंड आत जाताच वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ्या राहतात, त्याला ब्लोहोल म्हणतात. कमी झालं तर साचा मोडतो. आबा वाळू मुठीत आवळायचे, मूठ उघडून बोटांचे ठसे बघायचे आणि मग तो गोळा मधोमध मोडून बघायचे, कड धारदार तुटली म्हणजे वाळू बरोबर. पुढे मोठ्या कारखान्यांत ओलावा मोजायची यंत्रं आली, लॅब आल्या, पण आबांच्या फाउंड्रीत शेवटपर्यंत त्यांची मूठच होती. आणि पैसे किलोवर मिळायचे, चांगल्या निघालेल्या मालाचे. रिजेक्ट कास्टिंगला पैसे नाहीत. म्हणजे सकाळी वाळूत पाणी किती घातलं यावर आमच्या घरचं राशन ठरायचं, हे मला कॉलेजला गेल्यावर समजलं, कारण घरात त्यांनी या गोष्टीची धास्ती कधी येऊच दिली नाही.

ज्या दिवशी भट्टी पेटायची त्या दिवसाला "हीट" म्हणतात. "आज हीट हाय" असं आबा म्हणाले की आई रात्रीचं जेवण उशिरा टाकायची आणि बंब भरून ठेवायची. क्युपोला भट्टीत कोक, पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, चुनखडी असे थर चढवतात, खालून ब्लोअरची हवा सोडतात, लोखंड वितळून तळाशी साठत जातं, दुपारनंतर ते साधारण १४०० अंशांचं लोखंड लॅडलमध्ये (ओतायच्या मोठ्या पळ्यात) घेऊन दोघं दोघं मिळून बॉक्स भरत जातात. हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, आबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत होते. माझी बहीण लहान असताना ते डाग एकमेकांना पेनाने जोडून चित्र काढायची आणि ते निवांत हात पुढे करून बसायचे.

आणि मॅच पण दुपारी चारच्या आसपास असायची! आबांचा आख्खा फुटबॉल या एका अडचणीभोवती फिरला. पेठेतल्या पोरांना सराव संध्याकाळी असायचा, आबा पहाटे अंधारात गांधी मैदानावर जायचे, एकटे धावून यायचे, मग सायकलने उद्यमनगर. मॅचच्या दिवशी हीट असली तर फाउंड्रीतला त्यांचा जोडीदार त्यांचे बॉक्स ओतायचा आणि आबा दुसऱ्या दिवशी त्याचं काम अंगावर घ्यायचे. हिशेब कुठे लिहिलेला नसायचा पण दोघांनाही तोंडपाठ असायचा.

एक वर्ष असं झालं की सेमीफायनल आणि हीट एकाच दिवशी आली. ही गोष्ट आबांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती, ते गेल्यावर बाराव्याला जोडीदार काका आले होते त्यांनी सांगितली. काका म्हणाले "जा तू, मी बघतो." पण त्या दिवशी आबांच्या बॉक्समध्ये गुऱ्हाळाच्या चरकाचा मोठा रोल होता. तो एका लॅडलमध्ये भरत नाही, दोन लॅडल एकामागोमाग न थांबता ओतावे लागतात, मध्ये जरा खंड पडला तर आधीचं लोखंड निवतं आणि नंतरचं त्याच्याशी एकजीव होत नाही. हातात हात बसलेला माणूस लागतो त्याला. भट्टी तर एकदा पेटली की थांबवता येत नाही, लोखंड वेळेत काढलं नाही तर आतच गोठतं आणि भट्टी फोडायची वेळ येते. काकांनी दुसऱ्या पोराला धरून ओततो म्हटलं. आबा म्हणाले, "तिकडं माझ्या जागंवर उभारायला पोरगं हाय, हितं न्हाई." आणि राहिले. संध्याकाळी तालमीतलं एक पोरगं सायकल मारत फाउंड्रीच्या दारात आलं, टीम जिंकली होती. काका सांगत होते की आबांनी त्या घामाघूम पोराला आधी बसवलं, पाणी दिलं, आणि गोल कुणी मारला हे न विचारता पहिला प्रश्न केला, "स्टॉपरला कोण खेळलं?"

हो, आबा स्टॉपर. म्हणजे डिफेन्समध्ये मधोमध, गोलीच्या पुढे. या जागेवरच्या माणसाचं नाव पेपरात येत नाही, चुकला तरच लोकांना दिसतो. मला वाटतं जागा माणसाबद्दल खूप सांगते, तुम्हीसुद्धा वडिलांची जागा नक्की लिहा. आबा उंचीने मध्यम, वेगही फार नव्हता असं त्यांचे मित्रच सांगायचे, पण समोरच्या फॉरवर्डच्या पायाकडे न बघता कमरेकडे बघायचे. "पाय फसवत्यात, कंबर फसवत न्हाई" हे वाक्य मी आणि बहिणीनं किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. चिडायचे एकाच गोष्टीवर, बॉल पायात आला की डोकं खाली घालून हाणणाऱ्यावर. मान वर कर, आधी बघ कुणाला द्यायचाय, मग पाय लाव. पेठेतल्या बारक्या पोरांना रविवारी शिकवायचे तेव्हा पहिले कित्येक दिवस गोलपोस्टकडे तोंडच करू द्यायचे नाहीत, नुसतं पासिंग.

१९८६ चा वर्ल्डकप आम्ही गल्लीतल्या एका घरी बघितला, मेक्सिकोतल्या मॅचेस आपल्याकडे रात्री उशिरा लागायच्या, माणसं पायरीपर्यंत बसलेली. सगळी पेठ मॅराडोनाच्या नावाने वेडी झाली होती आणि कोल्हापुरात अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील हा जो वाद आजही प्रत्येक वर्ल्डकपला चौकाचौकात फ्लेक्स लावून चालतो त्यात आमची गल्ली पक्की अर्जेंटिनाची. पण आबा बोलायचे होसे लुइस ब्राऊनबद्दल. तो अर्जेंटिनाचा डिफेंडर. टीमचा अनुभवी डिफेंडर पासारेला आजारी पडला म्हणून त्याला संधी मिळाली, त्या वेळी त्याच्याकडे धड क्लबही नव्हता, आणि फायनलमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल हेडरने त्यानेच मारला, देशासाठी त्याचा एकुलता एक गोल. नंतर खांदा निखळला तर पठ्ठ्याने जर्सीला दातांनी भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात छातीशी धरला आणि पूर्ण मॅच खेळला. अर्जेंटिना ३-२ ने जिंकली. आबांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या मुलीला शाळेत आवडता खेळाडू लिहायला सांगितलं तर तिने ब्राऊन लिहिलं.

घरातले आबा. इथे लिहायला सगळ्यात अवघड जातं कारण घरात माणूस काही "करताना" दिसत नाही, असतो नुसता. म्हणून मी परत हातांकडे वळलो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची तर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची निवडण्यापासून डंकावर नंबर लावून कुटून आणण्यापर्यंत सगळं आबा, आई फक्त कांदा-लसूण आणि मसाला भाजून द्यायची. बहिणीचं दहावीचं वर्ष होतं तेव्हा ती रात्री अभ्यासाला बसली की आबा समोर भिंतीला टेकून तालमीचे उसवलेले बॉल शिवत बसायचे. दोऱ्याला मेण लावायचं, दोन सुया दोन्ही बाजूंनी घालायच्या, प्रत्येक टाका ओढून बघायचा. हीटच्या दिवशी सुद्धा. तिला एकटीला जागं राहावं लागू नये एवढंच, पण तसं कधी म्हणाले नाहीत, म्हणायचे बॉल उद्या लागणार आहेत. ती पुढे इंजिनियर झाली, मेटलर्जीच (धातूंचं शास्त्र) घेतली, आणि पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा दोघं बापलेक वाळूतल्या ओलाव्याच्या टक्केवारीवर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले होते, ती पुस्तकातला आकडा सांगायची आणि हे मुठीचा ठसा सांगायचे. आबांना मी इतकं खूश क्वचितच बघितलंय, फायनल जिंकल्यावर पण नाही.

खेळणं गुडघ्यांनी थांबवलं. नंतर शाहू स्टेडियमवर ठरलेल्या पायरीवर बसायचे, दोन्ही टीमच्या चांगल्या टॅकलला टाळी द्यायचे, हे आमच्या पेठेत सगळ्यांना पटायचं नाही पण आबांना कुणी काही बोलायचं नाही. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला आणि आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, अमेरिकेबरोबरची पहिली मॅच आपण ०-३ हरलो, तरी आबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. म्हणाले, "हरू दे की, वर्ल्डकपात खेळतंय कोल्हापूरचं पोरगं."

तर तुमच्यासाठी सांगायचं म्हणजे घरातल्यांकडून सुरुवात करू नका. घरातलं तुम्हाला माहीतच आहे, ते कुठे जात नाही. वडिलांबरोबर काम केलेली माणसं आणि बरोबर खेळलेली माणसं आधी गाठा, ती पण आता वयस्कर असणार. "वडील कसे होते" असं विचारू नका, तेच तीन शब्द परत मिळतील. मी काकांना विचारलं होतं की आबा सकाळी आल्या आल्या सगळ्यात आधी काय करायचे, तर म्हणाले आदल्या दिवशीची वाळू चाळायचे, सांगितलेलं नसताना, जोडीदाराची पण. असले प्रश्न विचारा. ऑफिसमध्ये टेबल कुठलं होतं, डब्यातलं कुणाला द्यायचे, भांडण झालं तर कशावरून. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि बोलीभाषा तशीच ठेवा, शुद्ध करत बसू नका. ग्रुप फोटो मिळाला तर मागे लगेच नावं लिहून घ्या, आमच्याकडे तालमीचा एक जुना फोटो आहे त्यातल्या दोघांना आता ओळखणारं कुणी उरलं नाही.

आणि व्हॉलीबॉलमध्ये ते नेटजवळ खेळायचे की मागे, लिफ्ट द्यायचे की मारायचे, ते इथेच खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.