बाहेरच्या देशांनी दबाव टाकला म्हणून इराणमधलं धर्मसत्तेचं सरकार बदलेल का?

एकट्या दबावाने नाही, असं माझं मत. निर्बंधांनी रियाल हे इराणचं चलन गडगडलं, महागाई वाढली. पण झळ बसली ती औषधं शोधत फिरणाऱ्या सामान्य माणसाला. रेव्होल्युशनरी गार्ड या राजवटीच्या खास लष्करी दलाची मंडळी तस्करीतून उलट गबर झाली.

खरा धक्का आतून बसला. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी ही 22 वर्षांची कुर्द तरुणी हिजाबची सक्ती राबवणाऱ्या नैतिकता पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा देशभर घुमली. गोळ्या चालल्या, फाशी झाली, तरी तेहरानमध्ये बायका डोकं न झाकता रस्त्यावर फिरतच राहिल्या. ना मोर्चा, ना दगड! इतक्या जणींना रोज पकडणार तरी कसं? डिसेंबर 2024 मध्ये हिजाबचा नवा कडक कायदा सरकारला थांबवावा लागला.

मग बाहेरच्यांचा उपयोग काय? तुरुंगातल्यांचा विसर पडू न देणं. 2023 चं शांततेचं नोबेल इराणच्या मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदींना तेहरानच्या एविन तुरुंगात असताना मिळालं. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगातून इराणला काढलं, तेव्हा आपला भारत मात्र तटस्थ राहिला.