चालू प्रोसेसची खरी फाइल कोणती, हे कर्नललाच विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: लिनक्स सर्व्हरवर 'पीएस'च्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत एक प्रोसेस दिसते, पण त्या नावाची फाइल डिस्कवर कुठेच सापडत नाही. मग ती चालतेय कुठल्या फाइलमधून?

आधी 'पीएस'मधल्या नावावरचा भरवसा सोडा. 'सीएमडीलाइन'मध्ये (प्रोसेस सुरू करतानाची कमांड दाखवणाऱ्या फाइलमध्ये) दिसणारा मजकूर प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतून वाचलेला असतो आणि ती मेमरी प्रोसेसला हवी तशी बदलता येते. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर हे राजरोस करतं, तिथे डेटाबेसचं आणि युजरचं नाव लिहून ठेवतं. 'कॉम'मधलं (प्रोसेसचं छोटं नाव ठेवणाऱ्या फाइलमधलं) नावही बदलता येतं, शिवाय ते १५ बाइटांपुढे कापलेलं असतं. मालवेअरवाले याचाच फायदा घेतात: चौकोनी कंसात नाव लिहायचं आणि कर्नल थ्रेडचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या स्वतःच्या कामाचं, सोंग आणायचं.

म्हणून मी सगळ्यात आधी '/प्रॉक/पीआयडी/एक्सई' ही लिंक बघतो ('पीआयडी'च्या जागी प्रोसेसचा क्रमांक). प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल कोणती फाइल उघडली हे स्वतःकडे नोंदवून ठेवतो. ही लिंक त्या नोंदीवरून दिसते. रूट म्हणून 'रीडलिंक' (लिंक कुठे जाते ते दाखवणारी कमांड) चालवा. खऱ्या कर्नल थ्रेडला फाइलच नसते, त्यामुळे तिथे काही मिळत नाही. कंसातल्या नावापुढे पाथ निघाला, तर तो खरा कर्नल थ्रेड नाही हे नक्की.

तुमच्याकडे बहुधा पाथच्या शेवटी कंसात 'डिलीटेड' दिसेल. लगेच घाबरू नका. पॅकेज अपडेट झालं की जुनी फाइल जाते, नवी येते, आणि रीस्टार्ट न झालेली प्रोसेस जुन्या आयनोडवरच (नाव पुसलं तरी उरलेल्या मूळ फाइलवरच) चालत राहते. पण पाथ '/टीएमपी' किंवा '/डेव्ह/एसएचएम' या तात्पुरत्या फाइलींच्या जागांमधला असेल, तर मात्र संशय घ्या.

आणि कृपा करून लगेच 'किल' मारून प्रोसेस बंद करू नका! 'एक्सई' ही साधी सिमलिंक (नुसता दुसरा पाथ सांगणारी लिंक) नाही. ती उघडताना कर्नल पाथ शोधत बसत नाही, थेट ती फाइलच हातात देतो. त्यामुळे डिस्कवरून नाव पुसलेलं असलं तरी

सीपी /प्रॉक/४३२१/एक्सई /रूट/नमुना

एवढ्यावर पूर्ण बायनरी (प्रोग्रॅमची फाइल) परत मिळते; ४३२१ हा इथे प्रोसेसचा क्रमांक. प्रोसेस मेली आणि फाइल दुसऱ्या कुणी उघडून ठेवलेली नसली, की आयनोडही जातो. मग तपासायला काहीच उरत नाही.

स्क्रिप्ट असेल तर 'एक्सई'मध्ये ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पायथन किंवा बॅश दिसेल. तेव्हा 'सीएमडीलाइन' बघावीच लागते. कंटेनरमधल्या प्रोसेसचा पाथ कंटेनरच्या आतला असतो, म्हणून त्याच्या आधी '/प्रॉक/पीआयडी/रूट' जोडा. सी प्रोग्रॅममधून वाचणार असाल तर 'रीडलिंक' शेवटी शून्य बाइट ठेवत नाही, तो तुम्हीच ठेवायचा.

मॅकवर 'प्रॉक' नाहीच, तिथे 'प्रॉक_पिडपाथ' हे फंक्शन आहे. फ्रीबीएसडीवर 'सिसकंट्रोल'मधून पाथ मागता येतो.