सही तुझीच लागणार

पत्र : गेल्या महिन्यात मला अठरा पूर्ण झाली. आजीने लहानपणीच माझ्या नावावर बँकेत पैसे ठेवलेत. "आता खातं मी बघते," म्हटलं तर बाबा म्हणाले, "अठरा झाली म्हणून शिंगं फुटली का?" खरं सांगू? एकटीने बँकेत जायची मलाही भीती वाटते. मग मी मोठी झाले की नाही?
– एक मुलगी, कोथरूड

बाळा, बाबांचं बोलणं तुला लागलं, ते साहजिक आहे. पण शेवटी भीतीचं जे लिहिलंस ना, ते मला फार आवडलं.

१८७५ च्या कायद्याने अठरा पूर्ण झाली की आपण सज्ञान. तरी मी अठराची झाले तेव्हा मतदानाला एकवीस लागायची. ते वय १९८९ मध्ये अठरावर आलं. आजही मुलाला लग्नासाठी एकवीस आणि लोकसभेला उभं राहायला पंचवीस पूर्ण लागतात. कायदासुद्धा सगळं एका वाढदिवशी हातात देत नाही, मग तू तरी स्वतःकडून तशी अपेक्षा का करतेस?

मला अठरा झाल्यावर वडिलांनी विजेचं बिल आणि मोजून पैसे दिले. सदाशिव पेठेतून चालत गेले, रांगेत मुठीतल्या नोटा घामाने ओल्या झाल्या. घरी येऊन पावती दिली. त्यांनी ती फाइलला लावली, बोलले काहीच नाहीत. पुढच्या महिन्यात बिल थेट माझ्या टेबलावर होतं.

तुझ्या खात्यावर आता पालक म्हणून बाबांची सही चालणार नाही. बँक तुझीच नवी सही, फोटो आणि आधार-पॅन मागेल. पॅन लहानपणी काढलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, ते आधी बदलून घे. बाबांना हे शांतपणे सांग. भीती वाटते तेही सांग. सोबत चला म्हणावं, पण त्यांनी बाकावर बसायचं आणि खिडकीशी तू. सही घरी पानभर गिरव, म्हणजे दर वेळी सारखी येईल. आणि एवढं माझं ऐक, आजीच्या ठेवीला वर्षभर हात लावू नकोस.

पासबुक भरून आणलंस की आधी आजीला दाखव.