मी अबोल आहे, मला धंदा जमेल का? स्वभावाचा धंद्यावर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि छोट्या धंद्यात जास्तच होतो, कारण दहा माणसांच्या युनिटमध्ये मालकाला अडवणारं कुणी नसतं.

आमचं रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या मालावर रंगाची पावडर मारून ती भट्टीत पक्की करायचं, युनिट आहे. नवरा, दीर आणि मी. आधी गिऱ्हाईक भाऊजी बघायचे आणि मी हिशोब. भाऊजी बोलायला इतके गोड की आलेला माणूस ऑर्डर देऊनच उठायचा. मी कमी बोलणारी, त्यामुळे घरात ठरूनच गेलेलं की वहिनींचा स्वभाव धंद्याचा नाही. पाहुण्यांसमोर पण हेच ऐकलंय मी, कितीतरी वर्षं.

एका वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात पॅनलचे चारशे पत्र्याचे दरवाजे आले आणि भाऊजींनी शनिवारचा शब्द देऊन टाकला. मी म्हणत होते सोमवारशिवाय होणार नाही, निम्मी पोरं कोकणात निघालीत. तर म्हणे, वहिनी, शब्द दिलाय. मग काय, सेव्हन टँकमधला, म्हणजे कोटिंगआधी माल धुवायच्या सात टाक्यांमधला, डीरस्टिंगचा (गंज काढायचा) डिप अर्ध्या वेळेत उरकला, फॉस्फेटिंगनंतर (पावडर नीट धरावी म्हणून करतात ते) माल नीट सुकू पण दिला नाही. ओव्हनमधून निघाला तेव्हा झकास दिसत होता, मायक्रॉन (कोटची जाडी) बरोबर, पार्टी खूश. दिवाळीनंतर फोन आला, पावडरखाली गंज धरलाय आणि नखाने पापुद्रे निघतायत. पैसे कापल्याची डेबिट नोट आली, सगळा माल आमच्या खर्चाने परत आणून, जुना कोट काढून पुन्हा मारून दिला, तरी पार्टी गेली ती गेलीच.

तेव्हापासून तारखा मी देते. 'नाही जमणार' हे मी सरळ तोंडावर सांगते, आणि पेमेंटचा फोन पण मीच करते. छोट्या उद्योगाचं सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, हा कायदा २००६ चा आहे, पण गोड माणसाला ते पैसे मागायची लाज वाटते. आमचे किती पैसे त्या लाजेपायी अडकले होते ते मला विचारा.

झाओ, सायबर्ट आणि लम्पकिन यांनी २०१० मध्ये बऱ्याच जुन्या अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले होते. काम नेटाने आणि शिस्तीत करणं, नवीन शिकायची तयारी, डोकं शांत ठेवणं, याचा धंद्याच्या कामगिरीशी संबंध दिसला. सगळ्यांचं मन राखण्याचा दिसला नाही. मी हे घरी वाचून दाखवलंय. आता खरं सांगायचं तर त्यात बोलक्या स्वभावाचा पण फायदा निघालाय, आणि आमच्याकडे पहिली वीस गिऱ्हाइकं भाऊजींनीच आणली, ते मी नाकारत नाही. तुम्ही अबोल असाल तर तेवढ्यापुरता बोलणारा माणूस सोबत घ्या. फक्त डिलिव्हरीची तारीख त्याला देऊ देऊ नका.

भाऊजी आजही म्हणतात पत्राच खराब होता. त्या आठवड्याचं डिपच्या वेळांचं रजिस्टर माझ्या कपाटात आहे, त्यांनी कधीही येऊन बघावं.