दहावीच्या पालकांनो, सुरुवातीला एवढंच

ताई, मुलगी यंदा दहावीला, घरातली पहिलीच, म्हणून धास्ती वाटणारच. मी बरीच वर्षं दहावीचा वर्ग सांभाळते. आत्ता जूनमध्ये फक्त तीन गोष्टी बघा.

१. झोप. या वयात आठ ते दहा तास लागतात. शाळा, क्लास, गृहपाठ मिळून झोप सहा तासांवर येत असेल, तर एखादा क्लास कमी करा. पहाटे चारला उठवून बसवलेल्या मुली पहिल्या तासाला पेंगतात, हे मी रोज बघते.

२. घरी आल्यावर पहिला प्रश्न 'किती पडले?' हा नको. आधी खाऊ द्या, बोलू द्या. चुलत भावाच्या टक्क्यांचा विषय तर काढूच नका.

३. खेळ, तबला, चित्रकला 'दहावी झाल्यावर बघू' म्हणून बंद करू नका. नवे पालक सर्रास हीच चूक करतात, आणि मूल चिडचिडं झालं की मोबाइलला दोष देतात.

तिला हेही सांगून ठेवा: राज्य मंडळात सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, आणि नापास झालं तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. मुलांना हे माहीत असलं की भीती खरंच उतरते.

जेवण तुटलं, मैत्रिणी टाळायला लागली, 'मी नसलेलीच बरी' असं काही बोलली, तर निकालापर्यंत थांबू नका. त्याच दिवशी शांतपणे विचारा, डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

वेळापत्रक, सराव प्रश्नपत्रिका वगैरे दिवाळीनंतर बोलू.