अमेरिकेत शाळांमधल्या शेती शिक्षणाला कायद्याने पैसा कसा मिळतो?

सुरुवात १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने झाली. केंद्राने दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक संस्थेने एक डॉलर घालायचा. शेतीचा वाटा राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. हा पैसा मुख्यतः शिक्षक आणि पर्यवेक्षकांच्या पगाराला; इमारत, जमीन, अवजारं शाळेनेच बघायची. विद्यार्थी १४ वर्षांवरचे, आणि वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतावर काम सक्तीचं. माझ्या मते कायद्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम हेच, कारण त्यामुळे शेती नुसती फळ्यावर शिकवून भागत नव्हतं.

आता निधी येतो तो पर्किन्स कायद्यातून (२०१८ ची सुधारित आवृत्ती). तो फक्त शेतीचा नाही. वेल्डिंग, आरोग्यसेवा असे सगळे व्यवसाय-अभ्यासक्रम त्यातच वाटेकरी. म्हणून शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) दर दोन वर्षांनी करायच्या गरजांच्या पाहणीत शेतीची स्थानिक गरज आकड्यांनिशी मांडावी लागते. लहान गावं अडतात ती १५,००० डॉलरच्या किमान मर्यादेपाशी: वाटा त्याहून कमी बसला, तर शेजारच्या जिल्ह्यांशी गट करून अर्ज करावा लागतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाला राज्य सूट देऊ शकतं, पण गट जमत नाही हे आधी दाखवावं लागतं. आणि आधीचा स्थानिक खर्च काढून त्या जागी हा निधी वापरता येत नाही. तसा वापर लेखापरीक्षणात पकडला जाऊ शकतो.